प्लास्टिकच्या गवताचं पाणी

ले-ऑफच्या दिवसांत अण्णा रोज सकाळी कंपनीचा गणवेश घालून घराबाहेर पडत आणि तासा-दीड तासात परत येत. काम नव्हतं, पण गेटवर जाऊन हजेरी लावली तरच अर्धा पगार मिळे, असा नियम होता. सही करायची, गेटसमोरच्या लिंबाखाली थोडा वेळ उभं राहायचं, कुठल्या कंपनीत काय चाललंय ते ऐकायचं आणि परतायचं. पहिल्या दिवशी आईने सवयीने डबा भरून दिला आणि अण्णांनी तो सवयीने घेतला. ते परत आले तेव्हा डबा रिकामा होता. वाटेत कुठे बसून खाल्ला, हे तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला, गणवेश चालू राहिला.

आम्ही तेव्हा काळेवाडीत दोन खोल्यांत राहत होतो. आई-अण्णा धाराशिवकडच्या गावातून आलेले. घरमालकीण सुंदराबाई मात्र इथल्याच, जुन्या गावकीतल्या. त्यांना सगळी वस्ती मामी म्हणे. पुढच्या खोलीत आईची खानावळ होती. खानावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणायची पद्धत होती आणि आमचे मेंबर म्हणजे आजूबाजूच्या कारखान्यांतली, गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेली माणसं. पहिल्या शिफ्टवाले पहाटे भाकरी बांधून नेत, दुसऱ्या शिफ्टवाले दुपारी बसून जेवत. आई घड्याळापेक्षा भोंग्यांवर काम करी. एका कंपनीचा भोंगा जाड होता, एकाचा फाटका, एकाचा शेवटी वर चढणारा. जाड भोंगा झाला की पिठात पाणी, फाटका झाला की तवा स्टोव्हवर. त्या उन्हाळ्यात फाटका भोंगा वाजेनासा झाला, कारण त्या कंपनीने दुसरी शिफ्टच काढून टाकली होती. त्या वेळेला आईचा हात अजून थांबे. ती दाराकडे बघे, मग स्वतःच तवा चढवी.

मेंबर कमी झाले, तरी खानावळ त्यामुळे अडली नव्हती. जे उरले त्यांच्यासाठी आई येसर काढू लागली. भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं ते पीठ गावाकडून डब्यात भरून येई. दोन चमचे उकळत्या पाण्यात सोडले की पातेलंभर आमटी होते आणि तिचा वास शेजारच्या खोलीपर्यंत जातो. अडचण होती ती पाण्याची. नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. स्वयंपाकाचं पाणी कसंबसं निघे. भांड्यांचं निघत नसे. खानावळीत जेवणापेक्षा भांडी जास्त पाणी खातात, हे ज्याने खानावळ चालवली त्यालाच कळतं. मग आईने ताटं बंद केली. भाकरीवर घट्ट पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून ती मेंबरच्या हातात देऊ लागली. मेंबर ओट्यावर उकिडवे बसून खात आणि हात धोतराला किंवा पँटला पुसत. काही जण बोलून दाखवू लागले. आमटी पाहिजे, वाटी पाहिजे. आईने एका रात्री जेवणं उरकल्यावर सगळ्यांना सांगून टाकलं की पाण्याची सोय झाली नाही, तर येत्या सोमवारपासून खानावळ बंद. अण्णांचा अर्धा पगार आणि खानावळ यांवर आमचं घर उभं होतं. सोमवारपासून त्यातलं एकच उरणार होतं.

त्याच उन्हाळ्यात शहराने मुलींच्या राष्ट्रीय हॉकी स्पर्धेचं यजमानपद घेतलं होतं. वस्तीला लागून असलेल्या जुन्या मैदानावर नवं पॉलिग्रास, म्हणजे प्लास्टिकचं गवत, अंथरलं गेलं. प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधल्या, खेळाडू उतरणार त्या इमारतींना रंग दिला, मैदानाकडे जाणारा रस्ता नव्याने केला. चौकाचौकांत कमानी उभ्या राहिल्या. त्यांवर शहराचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि खेळाचं लहान. खानावळीत रोज यावरून वाद होई. कुणी म्हणे, कारखाने बंद पडतायत आणि यांना खेळ सुचतायत. कुणी म्हणे, बाहेरून माणसं येतील, चार पैसे सुटतील, शहराचं नाव होईल. या वादात सर्वांत कमी बोलणारा मेंबर युनूसभाई होता. तो फिटर. त्याचं कंत्राट संपल्यावर महिनाभर घरी बसून होता आणि आता त्याला मैदानावर पंप चालवायचं रोजंदारीचं काम मिळालं होतं. मैदान भिजवायला कडेला पाण्याच्या तोफा, म्हणजे लांबवर पाणी उडवणारे मोठे फवारे, बसवले होते. त्या तो चालू-बंद करी. त्याला कुणी छेडलंच, तर तो भाकरी मोडत म्हणे, “भाऊ, तुम्ही बरोबर बोलता. पण मला काम त्यांनीच दिलं ना.” 

तोफांची बातमी त्याच्याकडूनच वस्तीत पसरली. मामी पाटा घेऊन बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला.

“प्लाष्टिकच्या गवताला पानी घालत्यात?” त्यांनी विचारलं.

“हो मामी. मॅचच्या आधी एकदा, मध्यंतराला एकदा.”

“का? उगवतंय व्हय ते?”

सगळे हसले. पुढचे कितीतरी दिवस तो वस्तीतला विनोद होता. कुणी रिकामा हंडा घेऊन परत आला, की लोक विचारत, गवत किती वाढलं. वस्ती असं धरूनच चालली होती की पालिकेतल्या कुणाला तरी हे गवत खोटं आहे, हे माहीत नसावं.

मला ते पाणी कशासाठी, हे माहीत होतं. मी यजमान संघात होते. जागा फुलबॅकची, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून अंगावर येणारे अडवायचे. आमच्या सरांनी निवडीच्या दिवशीच स्पष्ट केलं होतं की तुम्ही इथे आहात कारण शहर यजमान आहे; यजमानाला थेट प्रवेश असतो; नाहीतर तुमच्यातल्या दोघी-तिघी सोडून कुणी या स्पर्धेच्या जवळपासही आली नसती. त्यात दुखवण्याचा हेतू नव्हता. रेल्वेची, पोलिसांची, बँकेची माणसं अशा स्पर्धांना येऊन बसतात आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकऱ्या देतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी सतरा वर्षांची होते. बारावीनंतर काय, या प्रश्नाला आमच्या घरात दुसरं कुठलंच उत्तर तयार नव्हतं.

सरावाला मैदान कोरडं असे, कारण पाणी सामन्यांसाठी राखून ठेवायचं होतं. कोरड्या पॉलिग्रासवर चेंडू उडतो, स्टिक अडते, आणि माणूस पडला की कातडी निघते. ते खरचटणं नसतं, भाजणं असतं. पहिल्याच आठवड्यात माझा डावा गुडघा गेला. संध्याकाळी आईने तो दिव्याजवळ घेऊन पाहिला. तव्याचे चटके तिला ओळखीचे होते.

“हे पडल्याचं नाही,” ती म्हणाली. “कशावर भाजलंस?”

मी सांगितलं. ओलं असलं की अंग घसरतं, कोरडं असलं की भाजतं, म्हणून पाणी मारतात. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे ते गवतासाठी नाही, लेकरांसाठी हाय.”  गुडघ्याला खोबरेल लावून ती स्टोव्हकडे वळली. तोफांचं पाणी कशासाठी, हे वस्तीतल्या बायकांपैकी फक्त तिला माहीत होतं, हे मला नंतर महत्त्वाचं वाटलं. त्या वेळी वाटलं नाही.

वृत्तपत्राच्या डेस्कवर मी पुढे तीस वर्षं काढली. त्या काळात अशा स्पर्धांच्या बातम्या माझ्या हाताखालून पुष्कळ गेल्या. उद्घाटनाची बातमी पहिल्या पानावर, खर्चाच्या प्रश्नाची आतल्या पानावर, आणि दोन्हींत वापरता येईल असं “शहराच्या लौकिकात भर” हे वाक्य. मी ते कापत असे आणि ते पुढच्या वेळी पुन्हा येत असे. आज मी रहाटणीत वरच्या मजल्यावर राहते. सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात, आणि सकाळच्या अंकात एखाद्या शहराने आणखी मोठ्या स्पर्धेसाठी दावा केल्याचं वाचायला मिळतं. माझं मत लोक विचारतात. मी त्यांना दोन्ही बाजू सांगते, कारण त्या दोन्ही एकाच घरात राहत होत्या.

आमचा पहिला सामना उद्घाटनाच्या दिवशी, दुपारनंतर होता. सकाळी अण्णा हजेरी लावून आले आणि त्यांनी गणवेश काढला नाही. त्यांच्याकडे इस्त्रीचे तेवढेच कपडे होते. ते सामन्याला यायचे होते. आईला मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “बघू, जमलं तर.” तिने मला दह्यात कालवलेला भात दिला. त्यासाठी दही तिने मुद्दाम लावलं होतं. दोन्ही हंडे मोरीजवळ पालथे घातलेले होते. नळाचा दिवस नव्हता.

आम्ही मैदानावर अंग मोकळं करत होतो. युनूसभाईने नुकत्याच तोफा चालवल्या होत्या आणि सगळं मैदान काळपट हिरवं होऊन चमकत होतं. तेवढ्यात मागच्या दारातून वस्तीतल्या बायका आत आल्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. डोक्यावर, कमरेवर रिकामे हंडे. पुढे मामी. सुरक्षारक्षक दोघे होते; ते बाजूला झाले, कारण त्यांतल्या एकाची आईही त्या रांगेत होती. मंडपातली माणसं उठून उभी राहिली. उद्घाटनाचे पाहुणे वाटेत होते. बायका मैदानात बसल्या तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. सर मला हळूच म्हणाले, गेलं आता सगळं.

बायका मैदानाच्या कडेला आल्या आणि थांबल्या. समोर ओली, स्वच्छ, एकसारखी जमीन. मामींनी वाकून चपला काढल्या. त्यांच्या मागच्या बाईने काढल्या. बघता बघता कडेला चपलांची ओळ लागली. ओल्या सारवणावरून चपला घालून जायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. मग त्या अनवाणी, मैदानाला पाय न लावता, पांढऱ्या रेषेच्या बाहेरच्या पट्टीवरून एकामागे एक चालत, तोफांना पाणी पुरवणाऱ्या पलीकडच्या टाकीपाशी गेल्या. ज्या मैदानावर त्यांचा राग होता, त्यावर एकीचंही पाऊल उमटलं नाही. टाकीजवळ त्यांनी हंडे रांगेत मांडले, रोज नळावर मांडत तसेच, आणि आपापल्या हंड्यामागे उभ्या राहिल्या.

मामींच्या मागे आई होती. पदर खोचलेला, आमचे दोन्ही हंडे पुढे. मी मैदानाच्या मधोमध स्टिक घेऊन उभी होते. तिने मला पाहिलं. हात हलवला नाही, मान वळवलीही नाही.

पाण्याची व्यवस्था बघणारे एक तरुण इंजिनिअर धावत आले. त्यांच्याशी काय बोलणं झालं, ते युनूसभाईने रात्री सांगितलं. तो पंपाच्या चाकावर हात ठेवून तिथेच उभा होता. इंजिनिअर चिडले नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की हे नळाचं पाणी नाही, बोअरचं आहे. वस्तीच्या वाट्यातलं एक थेंबही इथे येत नाही.

“आन् बोअरला काय येगळी जमीन आस्ती व्हय, सायेब?” मामी म्हणाल्या. “आमची हीर बुजवली तुमी, गाड्या लावायला. तिचंच पानी हाय हे. मी वळकते.”

इंजिनिअर म्हणाले, बोअरचं पाणी पिण्यासारखं नाही.

तेव्हा आई बोलली. “प्यायला नकोच. भांडी घासायला पाहिजे.”

इंजिनिअरांनी घड्याळ पाहिलं. पाहुण्यांच्या गाड्या चौकात आल्याचा निरोप आला होता. त्यांनी युनूसभाईला खूण केली आणि म्हणाले, एकेक हंडा द्या, लवकर मोकळं करा. पण नळावरच्या रांगेला एकेक हंडा हा हिशोब माहीत नसतो. जिने दोन आणले तिने दोन भरले. काहींनी घरी रिते करून पुन्हा फेरी मारली. उद्घाटन झालं, भाषणं झाली, फुगे सोडले, आणि टाकीजवळ तांब्या-पितळेचा आवाज चालूच राहिला. युनूसभाईने एका वेळी आईला हळूच सांगितलं होतं, “भाभी, मध्यंतराला पाणी उरणार नाही. शैला खेळतेय.” आई म्हणाली, “माहीत हाय.” आणि तिने दुसरा हंडा तोटीखाली सरकवला.

पूर्वार्ध आम्ही बरोबरीत काढला. ओल्या मैदानावर चेंडू तेलावरून गेल्यासारखा जात होता आणि मला माझी जागा सापडत होती. मध्यंतराला तोफा फिरल्या नाहीत. त्यांनी एकदा खोकल्यासारखा आवाज केला आणि थांबल्या. ऊन तिरपं झालं होतं, पण हवा तापलेलीच होती. थोड्याच वेळात मैदानाचा रंग फिकट होत गेला. चेंडू उडू लागला. समोरच्या संघातल्या मुलीही पडत होत्या आणि उठताना कोपर धरत होत्या. कोरडेपणा दोन्ही बाजूंना सारखा होता. मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले ते गोल वाचवताना. तो वाचला, पण नंतरचा वाचला नाही. आम्ही एका गोलने हरलो.

अण्णा पायऱ्यांवर होते. त्यांना तिथून मैदान आणि टाकी, दोन्ही दिसत होतं. त्यांच्याबद्दल एवढंच कळलं की शेजारच्या एका गृहस्थाने गणवेश पाहून त्यांना कर्मचारी समजून प्यायला पाणी मागितलं. अण्णा उठले, कुठून तरी पेलाभर पाणी आणून त्यांना दिलं आणि पुन्हा जागेवर बसले. हे त्यांनी स्वतःच घरी सांगितलं, हसत.

मी घरी पोचले तेव्हा वस्तीत येसरचा वास होता. पुढच्या खोलीत मेंबर ताटं मांडून बसले होते. ताटांत वाट्या होत्या. आईने मला आतल्या खोलीत बसवलं. एका घमेल्यात पाणी घेतलं आणि माझे गुडघे धुतले. ते पाणी हंड्यातलं होतं. नेहमीच्या नळाच्या पाण्यापेक्षा थोडं गार आणि चवीला खारट; एक थेंब ओठावर उडाला म्हणून कळलं.   बाहेरून कुणीतरी आमटी मागितली आणि ती हात पुसून उठली.

पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकते. खानावळ सोमवारी बंद पडली नाही. स्पर्धा असेपर्यंत सकाळचे दोन तास बोअरची तोटी वस्तीसाठी उघडी ठेवायची, असं ठरलं आणि नंतर ती तशीच उघडी राहिली. युनूसभाईला त्या तोटीवर काम मिळालं. मला कोट्यातली नोकरी मिळाली नाही. त्याला कारण गुडघे नव्हते. माझा वेग कमी होता आणि तो ओल्या मैदानावरही कमीच होता. हे त्या वेळी कुणी म्हणालं असतं तर मी ऐकलं नसतं.

पण त्यातलं काहीच अजून ठरलेलं नव्हतं, तेव्हाची ती दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. अण्णा गेटवरून हजेरी लावून आले. हातात वर्तमानपत्र होतं, जे ते एरवी विकत घेत नसत. त्यात स्पर्धेचे दोन फोटो आले होते. एक आमच्या संघाचा. त्यात माझा चेहरा एका उंच मुलीच्या खांद्यामागे गेला होता. दुसरा टाकीजवळच्या रांगेचा. त्यात माणसं अर्धीच होती, कमरेखालची, आणि हंडे पूर्ण होते. कॅमेऱ्याला सगळ्यात जवळचा हंडा पितळी, पोचा पडलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं “चि. शैला” स्पष्ट वाचता येत होतं. माझ्या बारशाला गावाकडच्या मामाने दिलेला हंडा होता तो. फोटोखालच्या ओळीत त्याचा उल्लेख नव्हता.

अण्णांनी पेपर माझ्यासमोर धरला, मग आईसमोर. ती वाचू शकत होती, पण सावकाश. तिने आधी संघाचा फोटो बघितला, त्यात मला शोधलं, बोट ठेवलं. मग दुसऱ्या फोटोवर वाकली.

“बाई बाई,” ती म्हणाली, “हंडा किती काळा दिसतोय. घासून न्यायला पाहिजे होता.”

अण्णा मिशीत हसले. मी हसले नाही.

“उद्या हाय ना तुझी मॅच?” तिने विचारलं.

“हो.”

“किती वाजता?”

मी वेळ सांगितली. तिने मान हलवली. फळीवरून एक जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, आणि दाताने कड तोडून त्याच्या रुंद पट्ट्या फाडल्या. त्या माझ्या दोन्ही गुडघ्यांना गुंडाळून पाहिल्या, कुठे आवळतं ते विचारलं, पाय दुमडायला लावला, पुन्हा सोडून नीट घडी घालून माझ्या पिशवीत ठेवल्या. मग मामींच्या चुलीतली राख आणून ती मोरीजवळ बसली, हंडा पुढे ओढला आणि घासायला लागली.